महिन्याचे तीन हजार जाते कुठं, कोणी सांगाल का?

कास्तकार_दारव्हा:
नमस्कार मंडळी. पाच एकर कोरडवाहू वावर हाय, पराटी म्हणजे कापूस अन तूर. सगळा खर्च जाता वर्षाले दीड लाख हाती राह्यते, म्हणजे महिन्याचे साडेबारा हजार धरा, अन घरात सतरा हजार लागून रायले. बाईकचा हप्ता 3400, बायकोच्या नावानं फायनान्सच्या गटाचं कर्ज हाय त्याचे आठवड्याले 600, किराणा साडेपाच हजार, चार मोबाइलचे रिचार्ज बाराशे, पोराची व्हॅन दीड हजार. बेरीज 14 हजार 200 च्या आसपास येते, मंग वरचे तीन हजार कुठं जाते तेच समजत नाई. दुकानदाराची उधारी कापूस निघाल्यावर देतो अन पुन्हा चालू. बायको म्हणते भाजीपाल्यात काटकसर करू, पण भाजी तं आमी बाजाराच्या दिवशी दोनशेचीच आणतो.

वाडीवाली_ताई:
भाऊ राग नका मानू, पण खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, लिहिलाच नाई तुमी. दिवसाचे तीन, तीस रुपयानं नव्वद, महिन्याचे 2700. सापडले ना तीन हजार? आमच्याकडं असंच होतं, मालक म्हणत दोनच खातो, मी पंधरा दिवस चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. पुड्या मोजल्या तं बेचाळीस 😄 अन तूर पेरता तरी डाळ दुकानातून आणता का? पायली-दोन पायली ठेवा मांगं, तेल-पाणी लावून उन्हात वाळवा, जात्यावर भरडा, चुनी ढोरायले होते. भाजीत हात आखडू नका, पोट्ट्यायच्या ताटातलं कमी करून काई उरत नाई.

जुना_सचिव:
मी शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीत 22 वर्षं काढली. खर्रा ठीक आहे, पण मुळात बघा तो गटाचा हप्ता. 12 टक्के फ्लॅट सांगितलं असेल तर फसू नका, मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच चालतं, खरा दर 22 च्या जवळ पडतो. पीककर्ज मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज लागत नाही, मुदत चुकली की सवलत गेली, म्हणून कापूस विकला की आधी ते भरा, मग गटाचं एकरकमी बंद करता येतं का विचारा, आणि त्यानंतर दुकानदार, तो ओळखीचा आहे, थांबेल. वर्षातून एकदाच पैसा येणाऱ्या घरात महिन्याचं बजेट मांडून उपयोग नाही, कापसाचे पैसे आले त्या दिवशीच वाटणी करून टाकायची. रिचार्जही 28 दिवसांचं असेल तर वर्षात 13 वेळा पडतं, बाराशेच्या हिशोबात ते येत नाही.

कास्तकार_दारव्हा:
ताई, बायकोनं वाचलं तुमचं, आता कोळसा घेऊन बसली हाय. सचिव साहेब, गटाचे कागद पाह्यले, फ्लॅटच लिहून हाय जी, पुढच्या मीटिंगले इचारतो. चार मोबाइल म्हणजे एक बाबाचा, त्याईले नुसता फोन घ्याले लागते, ते स्वस्तातलं करून टाकू. अन एक सकाळचा खर्रा तेवढा राहू द्या, वावरात जाची सवय हाय.

वाडीवाली_ताई:
एकच म्हणता, अन संध्याकाळी पानठेल्यावर उभे राहता तेव्हा?