‘अग्रगण्य’, ‘आद्य’ की ‘प्रवर्तक’? ‘फॅनी’ या रॉक बँडच्या निमित्ताने

प्रश्न

1970 च्या दशकातील ‘फॅनी’ या अमेरिकी बँडविषयी मी एक लेख लिहीत आहे. गिटार, बास, की-बोर्ड आणि ड्रम्स ही सगळी वाद्ये स्त्रियाच वाजवत असलेल्या या बँडला इंग्रजीत ‘पायोनियर’ म्हटले जाते. मी आधी ‘अग्रगण्य महिला बँड’ असे लिहिले, मग ‘आद्य’ केले, आणि आता दोन्ही शब्द खटकत आहेत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

‘अग्रगण्य’ तर काढूनच टाकावा. मोजदाद करताना ज्याचे नाव आधी घ्यावे लागते तो अग्रगण्य. म्हणजे हा शब्द मान आणि दर्जा सांगतो, काळाचा क्रम सांगत नाही. (शहरातला प्रत्येक सराफ स्वतःला ‘अग्रगण्य’ म्हणवून घेतो, त्यामुळे शब्दाची धारही बोथट झाली आहे.) ‘फॅनी’चे ‘चॅरिटी बॉल’ हे गाणे 1971 मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत 40 व्या क्रमांकापर्यंत चढले आणि ‘बटर बॉय’ 1975 मध्ये 29 व्या क्रमांकापर्यंत, याहून वर त्यांचे एकही गाणे गेले नाही. अशा बँडला अग्रगण्य म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

‘आद्य’ची अडचण निराळी आहे. या शब्दाने त्याआधी कोणीच नव्हते असा दावा होतो, आणि येथे तर ‘गोल्डी अँड द जिंजरब्रेड्स’ हा न्यूयॉर्कमधील स्त्रियांचा बँड आधीच होऊन गेला होता. त्याने 1963 मध्ये डेक्का आणि 1964 मध्ये अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी करार केले होते. तेव्हा ‘पहिला’ लिहायचेच असेल तर कशात पहिला ते त्याच वाक्यात सांगावे. मोठ्या कंपनीकडून संपूर्ण अल्बम काढणाऱ्या पहिल्या काही स्त्री-बँडांपैकी एक, असे म्हणता येईल, कारण रिप्राइज कंपनीने ‘फॅनी’चा पहिला अल्बम 1970 मध्ये काढला आणि 1973 पर्यंत त्यांचे चार अल्बम बाजारात आणले.

दुसरे मत

‘प्रवर्तक’ चालेल का? ‘आद्य’पेक्षा तो नेमका वाटतो.

त्यावर उत्तर

नेमका आहे, पण भारी आहे. प्रवर्तकामागून प्रवाह चालू व्हावा लागतो. ‘फॅनी’ 1975 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विसर्जित झाला आणि त्याच वर्षी त्याच शहरात ‘द रनअवेज’ हा मुलींचा बँड उभा राहिला, हे खरे. पण पुढची कित्येक वर्षे ‘फॅनी’चे नाव फारसे कोणी घेत नव्हते. 1999 मध्ये प्रसिद्ध ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांनी एका मुलाखतीत, आपल्या काळातील अत्यंत उत्तम बँडांपैकी हा एक असून तो विस्मरणात गेला, अशा आशयाची खंत व्यक्त केली. जो विस्मरणात गेला त्याला प्रवर्तक म्हणताना हात थोडा आखडतो. मी ‘पायंडा पाडणारा’ असे लिहीन. पायंडा म्हणजे मुळात पायांनी तुडवून पडलेली वाट. ती कोणी पाडली हे नंतरच्या वाटसरूला ठाऊक असावे लागत नाही.

तिसरे मत

‘महिला बँड’ या समासाबद्दलही बोलायला हवे. ‘महिला मंडळ’, ‘महिला डबा’ यांच्या पंगतीत तो जाऊन बसतो आणि वाजवण्याची बाजू झाकली जाते. साठच्या दशकात ‘द शिरेल्स’, ‘द सुप्रीम्स’ यांसारखे मुलींचे गट लोकप्रिय होते, मात्र त्या गात असत आणि वाजवणारे दुसरेच असत. ‘फॅनी’मधील जून मिलिंग्टन गिटार, तिची बहीण जीन बास, निकी बार्कले की-बोर्ड आणि अॅलिस द बुर ड्रम्स वाजवत असे. फिलिपाइन्समध्ये युकुलेली (छोट्या गिटारसारखे वाद्य) वाजवणाऱ्या आणि 1961 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोला आलेल्या या दोघी बहिणींनी शाळेत असतानाच बँड काढला होता. म्हणून ‘स्वतः वाजवणाऱ्या स्त्रियांचा रॉक बँड’ असे लांब लिहावे लागले तरी ते चालेल. ‘वाद्यवृंद’ मात्र नको, त्याने डोळ्यांसमोर व्हायोलिनच्या रांगा येतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पहिले वाक्य आता असे केले आहे: ‘स्वतः वाजवणाऱ्या स्त्रियांच्या रॉक बँडचा पायंडा ज्यांनी पाडला, त्यांत फॅनीचे नाव घ्यावे लागते.’ एक शंका उरते. ‘फॅनी’ हे इंग्रजीत मुलीचे नाव आहे, पण अमेरिकेत त्याचा अर्थ ढुंगण असाही होतो आणि ब्रिटनमध्ये त्याहून अश्लील. कंपनीने जाहिरातीत या द्व्यर्थाचा पुरेपूर वापर केला. हे मराठीत कसे आणावे?

उत्तर

आणू नये. अर्थ एका वाक्यात सांगावा आणि पुढे जावे. मराठी श्लेष जुळवायला गेलात तर वाचकाला केस विंचरायची फणीच आठवेल.