अपडेट लगेच की थांबून?

विंडोजचं अपडेट आलं की ‘महिनाभर थांबा, दुसऱ्यांचे पीसी बिघडतात का बघा’ असा सल्ला दिला जातो. तो नव्या फीचर्सना ठीक, सुरक्षेच्या अपडेटला नाही. वॉनाक्राय आठवा, पीसीतल्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो व्हायरस. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे सुरक्षेतलं भोक बुजवणारं अपडेट, १४ मार्च २०१७ लाच दिला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. पॅच आला की भोक नेमकं कुठे होतं ते चोरांनाही कळतं. मी फार तर दोन-तीन दिवस थांबतो.

माझं घोडं पेंड खातं ते वेगळीकडेच. म्हापशात जूनचा पाऊस, अपडेट ३० टक्क्यांवर आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली! पीसी परत उभा राहीपर्यंत दुकानाची बिलं वहीत लिहिली. आता आधी एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप, मगच रिस्टार्ट. आणि बॅटरी बदललीय.