पहिलं क्रेडिट कार्ड, सिबिल अन् आपली मराठवाड्यातली पोरं-पोरी: तुमचे अनुभव सांगा

आमचं गाव रेणापूर तालुक्यात, मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे, तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी गाडीसाठी लोन टाकलं तर शोरूममधला माणूस स्क्रीनकडं बघून म्हणला, तुमचा सिबिलच (घेतलेलं कर्ज कसं फेडलं त्याचा स्कोअर) येत नाही, हिस्ट्रीच नाही. मला वाटलं कर्जच नाही म्हणजे चांगलंच की. पण तसं नसतंय. आमच्या वडलांचं लातूरच्या आडत बाजारात नाव आहे, पेरणीच्या टायमाला आडत्या काही न विचारता उचल देतो अन् सोयाबीन घातलं की पट्टीतून (मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून) वळती करून घेतो, गावातला किराणा तर आजोबांपासून वहीवर चालतो, आजपर्यंत कोणाचा एक रुपया बुडवला नाही. पण ती वही बँकेला दिसत नाही. बँकेला माझं नाव पाहिजे, वडलांचं नाही, अन् माझ्या नावावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

नंतर कळलं की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला फक्त हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका असं आरबीआयनं बँकांना सांगितलेलं आहे. पण तव्हा मला हे माहीत नव्हतं अन् मी गप उठून आलो.

मग २५ हजाराची एफडी करून त्यावर कार्ड घेतलं. पगाराची स्लिप वगैरे लागली नाही, २० हजाराची लिमिट मिळाली अन् एफडीचं व्याज चालूच आहे. त्यावर फक्त पेट्रोल अन् रिचार्ज, बाकी काही नाही. सहा-सात महिन्यांनी पहिल्यांदा स्कोअर दिसला, ७४१. (३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या पुढं चांगला धरतात. पगार किती आहे ते ह्यात मोजतच नाहीत, घेतलेलं वेळेवर फेडलं का हे सगळ्यात जास्त बघतात, हे मला लई आवडलं.) दिवाळीला घरी गेलो तव्हा वडलांना बिल दाखवलं, त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली अन् म्हणले, ही पट्टी दर महिन्याला येती व्हय, मग आडत्यापेक्षा कडक हाय.

आपल्याकडं ह्या गोष्टी घरात कोणी सांगत नाही कारण घरात कोणाला माहीतच नसतात. म्हणून हा धागा. चुकलेलं असलं तरी लिहा, चुकलेलं तर नक्की लिहा.

नांदेडहून, स्टाफ नर्स, वय २६

दादा चांगला धागा काढलात. माझं चुकलेलंच आहे, लिहिते.

पहिल्या वर्षी कार्ड मिळालं तेव्हा बहिणीचं बाळंतपण होतं, औषधं, कपडे, बारसं असं करत बिल आलं १८,४००. ॲपमध्ये भरायला गेलं की दोन आकडे दिसतात, टोटल ड्यू अन् मिनिमम ड्यू. मिनिमम होतं ९२०. मला खरंच वाटलं की ह्या महिन्याला एवढेच मागायलेत, हप्त्यासारखं. भरले अन् निवांत झाले. पुढच्या महिन्यात व्याज अन् त्याच्यावरचा जीएसटी मिळून आठशेच्या घरात लागलं होतं, म्हणजे ९२० भरून बाकी सव्वाशेच रुपयांनी कमी झाली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं, ऐकायला छोटं वाटतं पण वर्षाचे ४२ होतात, वर १८ टक्के जीएसटी, अन् ते धरतात खरेदीच्या तारखेपासून, ड्यू डेटपासून नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बाकी ठेवली की नवीन खरेदीवरची ४५-५० दिवसांची सूटपण जाते, म्हणजे आज दूध घेतलं तरी आजपासून व्याज. असं सात महिने केलं मी. शेवटी आईला सांगितलं, आई ओरडली नाही, भिशीचे पैसे काढून दिले अन् म्हणाली आधी हे मोकळं कर.

स्कोअर मात्र पडला नव्हता कारण मिनिमम भरलं की लेट धरत नाहीत. म्हणूनच मला कळायला सात महिने लागले, स्कोअर चांगला दिसत होता अन् पैसे चालले होते.

बीड जिल्ह्यातून, तहसीलला डेटा एन्ट्री

ताई तुमचं वाचून मला आमचं घर आठवलं. माझे आईवडील वीस वर्षं ऊसतोडीला गेले. मुकादम दसऱ्याच्या आधी कोयत्यामागं उचल द्यायचा, जोडप्याची एकदम, अन् ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपायची, मग सहा महिने उसाच्या फडात ती फेडायची. काही वर्षी फिटायची नाही, मुकादम म्हणायचा एवढी बाकी राहिली, पुढच्या सिझनला या. मग पुढचा सिझन आधीच विकलेला. मी लहानपणी कोपीत झोपलोय, मला उचल ह्या शब्दाची अजून भीती वाटते.

म्हणून नोकरी लागल्यावर बँकेतून कार्डासाठी तीनदा फोन आला तर तीनदा नाही म्हणलं. चौथ्या वेळेस आमच्या ऑफिसातल्या काकांनी समजावलं की जे पैसे खात्यात आहेत तेवढंच कार्डावर खर्च कर, मग ती उचल होत नाही. मी काय केलं तर कार्डावर पाचशेचं पेट्रोल टाकलं की त्याच दिवशी पाचशे रुपये दुसऱ्या खात्यात काढून ठेवायलो. त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडं. बिल आलं की तिकडून भरायचं. दोन वर्षं झाली, एकदाही टोटलच्या खाली भरलं नाही. मिनिमम ड्यू म्हणजे मुकादमाची बाकीच आहे, माझं तरी हेच मत आहे अन् मी ते बदलणार नाही.

आई-वडील आता कारखान्याला जात नाहीत. हे कार्डामुळं नाही, पण सांगावंसं वाटलं.

परभणी, एमएस्सी ॲग्रीला आहे

शेतीवाल्या घरांसाठी एक गोष्ट. माझ्या मोठ्या भावाचं कार्ड होतं, जूनमध्ये पाऊस चांगला झाला अन् कृषी सेवा केंद्रात खत-बियाणं त्याच्यावरच घेतलं, ३१ हजार. दुकानदार स्वाईप घेतो म्हणला, सगळ्यांना बरं वाटलं. पण कार्डाचं बिल जुलैत येतं अन् सोयाबीन येतं ऑक्टोबरात, कापूस तर त्याच्याही पुढं. मधले तीन महिने कुठून भरणार? भावाचा पगार १६ हजार. दोन महिने लेट झालं, स्कोअर साडेसहाशेच्या खाली गेला.

पीककर्ज ह्याच्यासाठी असतंय. ते ज्या किसान क्रेडिट कार्डावर मिळतं त्यात अन् ह्या कार्डात नाव सोडून काहीच सारखं नाही. पीककर्ज तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेवर भरलं तर केंद्राची सूट धरून ४ पडतात, राज्याची सवलत धरली तर अजून कमी, अन् फेडायची मुदत पिकाप्रमाणं. कुठं वर्षाचे ४ अन् कुठं ४२. पेरणी कधीच क्रेडिट कार्डावर करू नका, हात जोडून सांगते.

संभाजीनगर, सिडको, आयटी सपोर्ट

माझं थोडं वेगळं. लिमिट ४० हजार, मित्राला फोन घ्यायचा होता, ऑफर फक्त कार्डावर होती, ३६ हजाराचा फोन माझ्या कार्डावर घेतला. मित्रानं पैसे त्याच आठवड्यात दिले, मी बिल पूर्ण भरलं, एक दिवस लेट नाही. तरी स्कोअर ४० नं खाली आला. कारण कळलं, ४० पैकी ३६ वापरले म्हणजे लिमिटच्या ९० टक्के, अन् बँकेनं बिलाच्या तारखेचा आकडा पुढं सिबिलला कळवला. पैसे बिल निघायच्या आधीच भरून टाकले असते तर काही झालं नसतं. तसं ३० टक्क्यांच्या आत ठेवावं म्हणतात. दोन महिन्यांनी आपोआप वर आला, घाबरायचं कारण नाही, पण त्याच दोन महिन्यात होम लोन टाकायचं असतं तर?

अन् अजून एक, एकदम पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलच्या रिपोर्टमध्ये दिसते. आपण स्वतः आपला स्कोअर बघितला तर काही होत नाही, ते बिनधास्त बघा.

जालना, सीड कंपनीत फील्डला

मित्रावरून आठवलं. वरच्या दादाच्या मित्रानं पैसे दिले, माझ्यानं दिले नाहीत. माझ्या नावावर मोबाईलचं लोन, १,२५० चा हप्ता, चार भरले अन् पुण्याला गेला. मी म्हणलं त्याचा फोन त्यानं भरावा. वसुलीवाले घरी आले तव्हा आईसमोर बोलले, ते विसरत नाही. त्यातल्या एकानं सांगितलं साडेतीन हजार द्या सेटल करून देतो, मी दिले, सुटलो वाटलं. तीन वर्षांनी ट्रॅक्टरला कर्ज बघायलो तर रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर 'सेटल्ड' लिहिलेलं. सेटल म्हणजे पूर्ण फेडलं नाही असा अर्थ होतो, 'क्लोज्ड' पाहिजे. मग परत लोनवाल्या कंपनीकडं जाऊन राहिलेली रक्कम भरली, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं अन् स्टेटस बदलून घेतला, चार महिने गेले ह्यात. कागद अजून प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात ठेवलाय.

धाराशिव, शिक्षिका

रिपोर्ट वर्षातून एकदा पूर्ण फुकट मिळतो, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स अन् क्रिफ हाय मार्क ह्या स्कोअर ठेवणाऱ्या चारही कंपन्यांत, प्रत्येकाकडून. मी काढला तर त्यात एक गोल्ड लोन, मी कधी घेतलंच नाही. माझ्याच नावाची, त्याच आडनावाची कोणीतरी बाई, वडलांचं नावपण सारखं. आपल्याकडं अशी नावं एका गावात तीन सापडतात. ऑनलाईन तक्रार केली, ३० दिवसांत सोडवायचा नियम आहे, त्याच्या पुढं गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझं २६ व्या दिवशी निघालं. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता म्हणून सापडला.

हिंगोली

जामीनदार राहिलेलं पण रिपोर्टमध्ये येतं बरं का. चुलत्याच्या कर्जाला मी सही केली होती. हप्ते थकले त्यांचे, अडकलो मी. चुलत्याला नाही कसं म्हणायचं हा प्रश्न मला अजून सुटला नाही.

अंबाजोगाईहून

मला फोनवर लाईफटाईम फ्री सांगितलं अन् वर्षानं ५९० लागले, ५०० अन् जीएसटी. वाद घातला, रिफंड झाला नाही. मग कार्डच बंद करायला टाकलं. कार्डावर थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर रोजचे ५०० रुपये आपल्याला, हा आरबीआयचा २०२२ चा नियम आहे. मी मेलमध्ये हे एक वाक्य लिहिलं अन् पाचव्या दिवशी बंद झालं. पण एक सांगते, तुमचं सगळ्यात जुनं कार्ड असेल अन् फुकट असेल तर बंद करू नका, जुनी हिस्ट्री कामाला येते.

लातूर, वय १९

मला एक विचारायचंय. पगार १० ला होतो अन् माझ्या कार्डाची ड्यू डेट ७ आहे. दर महिन्याला तीन दिवस ओढाताण होते. काय करू?

(धागा काढणारा)

लेकरा, बँकेला बिलाची तारीख बदलून माग, निदान एकदा तरी बदलून द्यावीच लागते असा नियम आहे. ड्यू डेट २० च्या आसपास येईल अशी घे. अन् तोपर्यंत चुकून एखाद दिवस झालाच तर हे लक्षात ठेव, ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या वर गेलं तरच थकीत म्हणून कळवता येतं अन् लेट फी लावता येते. पण ह्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नको, पूर्ण भरलं नाही तर व्याज काही थांबत नाही. तारीख बदलली की टोटल अमाऊंटचा ऑटोपे लावून टाक. लावताना नीट बघ, माझ्या ॲपमध्ये आधीपासून मिनिममवर टिक होती.

नांदेडच्या ताई, तुमच्यासारखंच माझी बहीणपण फसली असती. ती लातूरला नर्सिंगला आहे, येत्या महिन्यात १८ पूर्ण होते. तिच्या स्कॉलरशिपमधले दहा हजार बाजूला आहेत, त्याची तिच्याच नावावर एफडी करून त्यावर कार्ड घ्यायचं ठरलंय. आधार-पॅनवर जन्मतारीख वेगवेगळी पडली होती, ती परवाच दुरुस्त करून घेतली. वडील म्हणालेत मी पण येतो बँकेत, ही उधारी कशी देतेत मला बघू दे.