शेजारच्या भिंतीकडून पत्रा गळतोय, आणि पाऊस नसतानाही थेंब पडतात

पेठेतली_सून (२६ मे)

नमस्कार मंडळी. रोहिणी लागल्या, मृग तोंडावर आलाय, म्हणून घाईनं लिहितेय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं आजेसासऱ्यांच्या काळातलं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मिळून तीनशे चौरस फूट धरा. पूर्वी मंगलोरी कौलं होती. गल्लीतल्या पोरांचा फुटबॉल वर पडायचा, वर्षाला पाच-सहा कौलं फुटायची आणि शाकारायला माणूस मिळायचा नाही. शेवटी २०२१ साली कौलं उतरवून कलर पत्रा घातला, आतून पीव्हीसीचं सिलिंग मारलं. पूर्वेला शेजाऱ्यांनी तीन मजली इमारत बांधली आहे, तिच्या भिंतीला आमचा पत्रा टेकतो. रंकाळ्याकडून वारा सुटला की पाऊस त्या भिंतीवर सपासप बसतो आणि सगळं पाणी ओघळून आमच्या पत्र्यावर येतं. गवंड्यानं पत्रा आणि भिंतीच्या सांध्यात सिमेंटचा वाटा (सांधा बुजवणारा तिरका लेप) मारून दिला होता. दर पावसाळ्यात तिथून गळतं. दोनदा परत वाटा मारला, एकदा डांबर ओतलं. जुलैत परत तेच.

पण खरा गोंधळ पुढे आहे. गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, आकाश निरभ्र, आणि पहाटे सिलिंगच्या पट्ट्यांमधून टपटप! स्वयंपाकघरात जास्त. पाऊस कुठला तेव्हा? सासूबाई म्हणतात कौलं उतरवली म्हणून घर रुसलंय. पत्रा घालून दिलेला माणूस फोन उचलत नाही. आता दुसरा एक जण म्हणतो की सगळ्या पत्र्यावर वॉटरप्रूफिंगचा थर मारून घ्या. मारावा का?

कळंब्याचा_बाळू

वहिनी, सरळ वरून निळी ताडपत्री टाका आणि विटा ठेवा. आमच्याकडं चार वर्षं तेच चाललंय.

उद्यमनगर_पत्रेवाला

बाळू, तुझ्या ताडपत्रीखाली पत्रा गंजून चाळण झाला असंल, एकदा उचलून बघ.

ताई, थर मारू नका. पत्र्यात दोष न्हाई, दोष सांध्यात हाय. मी पत्रा बेंडिंगचंच काम करतो, बावीस वर्षं झाली. सिमेंटचा वाटा पत्र्याला कधीच टिकत न्हाई, कारण पत्रा हलतोय. बारा फुटाचा पत्रा पहाटेच्या गारव्यात आणि एप्रिलच्या दुपारी एका लांबीचा नसतो. पंचेचाळीस अंशांचा फरक पडला तर जवळजवळ २ मिलिमीटर वाढतोय. भिंत काय हलत न्हाई. मग मधला वाटा फुटणारच. केसाएवढी चीर पडली की बास, एवढी उंच भिंत भिजून येणारं पाणी तिथंच शिरतंय.

तिथं फ्लॅशिंग, म्हंजे सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी लागतीय, आणि ती दोन तुकड्यांत. पहिला तुकडा काटकोनात बेंड केलेला. त्याची एक बाजू भिंतीला लागून निदान सहा इंच वर चढते, दुसरी पत्र्याच्या किमान एका उंचवट्यावरून पलीकडं जाते. हा फक्त पत्र्याला स्क्रू करायचा, भिंतीला अजिबात न्हाई. दुसरा तुकडा म्हंजे टोपी. भिंतीत ग्राइंडरनं इंचभर खोल झिरी मारायची, टोपीची वरची कड त्यात बसवायची, झिरी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं भरायची. टोपी पहिल्या तुकड्यावर तीन-चार इंच नुसती लोंबती ठेवायची. पत्रा खाली हलू दे, टोपी वर गप्प बसते. लांबीला जोड द्यायचा तर उताराच्या खालच्या टोकापासून सुरू करा, वरचा तुकडा खालच्यावर सहा इंच चढवा. कौलं कशी चढवत होतो, तसंच.

झिरी धुळीची असेल तर सीलंट चिकटत न्हाई. ब्रशनं झाडून, कोरडी झाल्यावरच भरा. हे काम मृगाच्या आत झालं तर झालं, न्हाईतर दसऱ्यापर्यंत थांबा.

आणि आधी खात्री करा. पाऊस नसताना नळी लावा, पण खालून वर. आधी नुसत्या पत्र्यावर पंधरा मिनिटं, मग वाट्यावर, मग भिंतीवर. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतंय आणि काहीच कळत न्हाई. स्क्रूचे रबरी वायसर पण बघा, उन्हानं तडकत्यात.

वळचणीखाली

कौलांना नावं ठेवू नका हो. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं आपल्या पावसात उभी आहेत. गगनबावड्याला मामाचं घर आहे, तिथल्या पावसापुढं कोल्हापूरचा पाऊस म्हणजे शिंतोडे. कौलाकौलांच्या फटीतून घराची वाफ निघून जाते. सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

साइटवरची

वळचणीखाली यांनी नकळत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. मी बांधकामावर देखरेख करते, हा प्रकार मला दर हिवाळ्यात कुठे ना कुठे दिसतो.

ताई, डिसेंबरचं पाणी गळतीचं नाहीच. पत्र्याला घाम आलाय. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. घरातली दमट हवा सिलिंगच्या फटींतून वर चढते, त्या गार पत्र्याला लागते आणि आतल्या बाजूनं थेंब धरतात. फ्रीजमधल्या तांब्यावर धरतात तसे. थर वरून मारून काय होणार? पाणी खालून येतंय. गळती आणि घाम ओळखायचा तर सिलिंगची एक पट्टी काढून पहाटे टॉर्चनं बघा. गळती असेल तर एखाद्या जागेवरून ओघळ दिसेल, घाम असेल तर सगळा पत्रा बारीक थेंबांनी भरलेला दिसेल.

स्वयंपाकघरात जास्त पडतं म्हणता, म्हणून विचारते: चिमणीचा पाइप कुठे सोडलाय? मी पाहिलेल्या तीन घरांत तो सिलिंगच्या वर पोकळीतच सोडलेला होता. भाताची सगळी वाफ तिकडे. (गॅस गीझर असेल तर त्याचा धूर कुठे जातो हे आजच्या आज बघा. तिथे ओलीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.)

पाइप आधी बाहेर काढा. मग पोकळीला हवा द्या. परदेशात एक ढोबळ प्रमाण वापरतात, सिलिंगच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा. तीनशे चौरस फुटांना दोन चौरस फूट, जाळीच्या तारा वजा करून. निम्मी खाली वळचणीला, निम्मी वर कोनाजवळ (छपराच्या शेंड्याशी), म्हणजे गार हवा खालून येते आणि ऊन हवा वरून जाते. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत, तेव्हा तुमची मोकळी त्रिकोणी भिंत पश्चिमेला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. तिथे झडपा बसवाल तर पट्ट्या बाहेर खाली झुकलेल्या हव्यात आणि वर नऊ इंचाची पत्र्याची टोपी हवी. टर्बो फॅन (वाऱ्यानं फिरणारा छपरावरचा पंखा) पत्रा कापून बसवतात, म्हणजे आणखी एक भोक आणि आणखी एक फ्लॅशिंग. मी असते तर टाळला असता.

जुलैत मात्र चमत्कार होणार नाही, हे आधीच सांगते. तेव्हा बाहेरचीच हवा ओली असते. त्या दिवसांत कपडे घरात वाळत घालता ना? सगळेच घालतो. निदान त्या खोलीची खिडकी फटभर उघडी ठेवा.

पेठेतली_सून (९ जून)

रविवारी नळी लावली. नुसत्या पत्र्यावर पंधरा मिनिटं: आत कोरडं. वाट्यावर लावली आणि पाच मिनिटांत दिराच्या डोक्यावर थेंब. पत्रेवाले दादा, तुमचं बरोबर. सात वायसरही तडकलेले निघाले.

झिरी शेजाऱ्यांच्या भिंतीत मारायची म्हणजे परवानगी आली. मिस्टर दोन दिवस कचरत होते. शेवटी मीच काकूंकडे गेले, तर काकूंनी मला त्यांचा जिना दाखवला. आतल्या बाजूला बरोबर आमच्या पत्र्याच्या उंचीवर ओलीचा पट्टा, रंगाचे पोपडे! काका लगेच म्हणाले, मारा झिरी, निम्मा खर्च आमचा. शुक्रवारी काम उरकलं.

साइटवरची ताई, पट्टी काढली. चिमणीचा पाइप तिथेच, पोकळीत तोंड करून. आजूबाजूचा पत्रा तेलकट काळा. तो आता परसाच्या बाजूनं बाहेर काढलाय. गीझर विजेचा आहे. झडपा दसऱ्यानंतर.

एकच विचारायचं राहिलं. वळचणीला डासांची बारीक जाळी लावू की जाड? काकू म्हणतात उंदीर शिरतील.

साइटवरची

डासांची नको, दोन पावसाळ्यांत धुळीनं बुजते. पाव इंची जस्ती जाळी घ्या, उंदीर आणि चिमण्या दोन्ही बाहेर राहतील. कडेला फट राहू देऊ नका.

उद्यमनगर_पत्रेवाला

टोपीच्या कडेवरनं एकदा बोट फिरवून बघा ताई. सीलंट अजून मऊ लागत असंल तर आज सांजच्याला तिथं प्लास्टिक बांधा, ढग आलेत.