मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना नकाशा कसा शिकवावा?

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे आहेत. वर्गाचा आराखडा, घर ते शाळा रस्ता इथपर्यंत पोरं मजेत येतात. जिल्ह्याचा नकाशा समोर आला की गाडी अडते.

आमचा फळा पश्चिमेच्या भिंतीला, नकाशाही तिथेच टांगलेला. म्हणजे मुलांचा उजवा हात उत्तरेला आणि नकाशात उजवीकडे पूर्व. तिसरीतल्या एकीने विचारलं, "बाई, खरी पूर्व कंची? सकाळी दारातनं ऊन येतं ती, का कागदावरची?" बाकीच्यांना 'वर उत्तर' पाठ आहे, त्यामुळे उत्तर दाखवा म्हटलं की निम्मी बोटं पत्र्याकडे जातात.

नद्यांचं तसंच. पाणी वरून खाली येतं हे त्यांनी ओढ्यावर पाहिलंय, म्हणून नकाशातही नदीने वरून खालीच यायला हवं. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला येते तोवर ठीक, पण हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते, तिथे "आडवी कशी झाली?" जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची नीरा तर त्यांना पटतच नाही.

आणि रंग! प्राकृतिक नकाशात रंग उंची दाखवतात, म्हणून कोकण हिरवं, आपण पिवळे-तपकिरी. वर्गाचा निकाल: आपल्याकडे दुष्काळ, म्हणून पिवळं. पावसाचं खोटं नाही, महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पडतो आणि आमच्याकडे ५०० च्या आसपास. पण मग एवढ्या पावसाचं महाबळेश्वर हिरवं का नाही, हे कुणालाच खटकत नाही.

व्हिडिओ कृपया सुचवू नका, विजेचा भरवसा नाही. हाताने करता येईल असं काही सांगा.

प्रतिसाद:
नकाशा भिंतीवरून काढा आणि जमिनीवर पसरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावून. मुलांना भोवती बसवा. दिशा पक्क्या होईपर्यंत तो परत टांगू नका, कोणी तपासणीला आलं तरी.
उत्तर मुलांनाच शोधू द्या. मैदानात सरळ काठी रोवा, बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. ती बाराला नाही, साडेबाराच्या मागेपुढे मिळते, कारण भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आणि तुम्ही त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. एक सांभाळा: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा ही सावली दक्षिणेला पडते. दिवाळीनंतर केलात तर घोळ नाही.

प्रतिसाद:
नद्यांसाठी ओली माती घ्या. पश्चिमेला सह्याद्रीची उंच भिंत, पूर्वेकडे हळूहळू उतार, मध्ये डोंगरांच्या रांगा. महाबळेश्वरच्या जागी तांब्याने बारीक धार सोडा. थोडं पाणी पश्चिमेला घसरेल ती सावित्री, बाकीचं कृष्णा-कोयनेच्या बाजूला. कोयनेच्या वाटेत डोंगर नीट घातलात तर पाणी दक्षिणेला जाऊन आपसूक वळेल, वळण सांगावं लागणार नाही. पण सुरुवात माणगंगेपासून करा. कुळकजाईकडच्या डोंगरात उगवते आणि पूर्वेला भीमेकडे जाते; पोरांनी तिचं पात्र पाहिलेलं असतं, भले कोरडं असेना.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. शनिवारी सकाळची शाळा, साडेबाराला मुलं घरी असतात, म्हणून काठी सोमवारी रोवते. मातीचं कुंभारवाड्यातून बघते. रंगांचं मात्र अजून कोणी सांगितलं नाही. त्याच मातीच्या डोंगरावर उंचीप्रमाणे रांगोळीचे रंग टाकले तर चालेल का, की त्याने अजून गोंधळ होईल? कोणी करून पाहिलंय?