पगार नसेल तर पीएचडीला अर्जच करू नये?

अंबाझरीकर:
भाचा एम.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं, गाइड शोधत फिरतोय. मी त्याला साफ सांगितलं, महिन्याला पैसे येणार नसतील तर नाव नोंदवू नको. जेआरएफला (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. नेदरलँड्स-स्वीडनमध्ये तर पीएचडी करणारा बहुधा नोकरदारच असतो. जागेची जाहिरात निघते, अर्ज, मुलाखत, करार, पगार. आपल्याकडे पोरगा वर फी भरतो आणि सरांची कामंही करतो. हे ज्ञानसाधनेच्या नावाखाली फुकट राबणं झालं.

तासिकावाला_मास्तर:
काका, बोलणं सोपं आहे. मी ३४ वर्षांचा, खुल्या प्रवर्गातला, सीएचबीवर, म्हणजे तासिकेच्या हिशेबानं मानधनावर, शिकवतो. जेआरएफची वयोमर्यादा ३०. म्हणजे तुमच्या हिशेबानं माझा संशोधनाचा हक्कच संपला! २०२३मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट या पात्रता परीक्षा हीच किमान अट ठेवली, पीएचडी ऐच्छिक केली, हे खरं. पण मुलाखतीला जाऊन पाहा, कोणाकडे आधी बघतात ते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर लायब्ररी, घरचा डब्बा. अशीच होते आमची पीएचडी.

अंबाझरीकर:
मास्तर, तुम्ही करताच आहात, मानलं. पण तुमच्यासारखे बिनपैशाचे मिळतात म्हणून तर पैसे द्यायची कोणाला गरज वाटत नाही.

तासिकावाला_मास्तर:
वा रे बाप्पा! म्हणजे दोष आमचाच?

वर्धा_रोड:
भांडू नका राजेहो. नागपुरात मधली वाट आहे ना. निरी ही पर्यावरण संशोधन संस्था, व्हीएनआयटी हे इंजिनीअरिंगचं कॉलेज, कापूस संशोधन संस्था, सगळीकडे प्रकल्पांच्या जागा निघतात, पुष्कळदा थेट मुलाखतीनं. मीही तसाच लागलो होतो. (नाव सांगत नाही, पण सात महिने पैसेच आले नाहीत. होळीचे दिवाळीला मिळाले.) आणि भाच्याला एक आधीच सांगून ठेवा, प्रकल्प संपतो, पीएचडी संपत नाही. शेवटची दोन वर्षं मी शिकवण्या घेऊन काढली. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या, वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती (संशोधकाला मिळणारी शिष्यवृत्ती) लागू होते का तेही बघा. महाज्योतीचं मुख्यालय तर आपल्या गावातच आहे.

धरमपेठ_ते_जर्मनी:
काका, इकडचं चित्र तुम्ही जरा गोड रंगवलंय. जर्मनीत पगार ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीचा असतो, पण पुष्कळ जागा अर्ध्या किंवा पाऊण वेळेच्या. पगार अर्धा, काम पूर्ण. तरी भागतं, आणि कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, हे कबूल.
खरी मेख अर्जात आहे. पहिल्या वर्षी मी 'आदरणीय महोदय' लिहून एकच मेल शंभरेक प्राध्यापकांना पाठवला. उत्तरं आली दोन, तीही नकाराची. मग जाहिराती नीट वाचायला लागले. प्राध्यापकाचे दोन-तीन पेपर वाचायचे, आपल्या एम.एस्सी.च्या प्रबंधातलं त्यांच्या कामाशी काय जुळतं ते एका पानात लिहायचं. सुवर्णपदक, वक्तृत्वाची प्रमाणपत्रं घरीच ठेवायची. अशा नऊ अर्जांवर तीन मुलाखती आल्या. आणि दोन शिफारसपत्रं, तुम्हाला खरंच ओळखणाऱ्यांची. लेटरहेडवर आपणच मजकूर लिहून सही आणली, तर मुलाखतीत उघडं पडतं.

तासिकावाला_मास्तर:
ताई, पेपर वाचायला जर्नलं कुठून आणायची तेही सांगा. आमच्या कॉलेजात वर्तमानपत्रं येतात, तीही दोन.

धरमपेठ_ते_जर्मनी:
लेखकालाच मेल करून मागा, सर. बहुतेक जण देतात. मी तसंच केलं.

अंबाझरीकर:
भाच्याला हे सगळं वाचायला दिलं. म्हणतो, "मामा, म्हणजे शिफारसपत्रासाठी पुन्हा सरांच्याच मागे फिरायचं ना?" मास्तर, आता तुम्हीच सांगा, काय बोलू याला.