एकाच शेतकऱ्याच्या दोन उलट नोंदी: एजंटने कोणती धरायची?

रावेर_बागायत
रावेर-यावल पट्ट्यासाठी केळीसल्ल्याचा व्हॉट्सॲप एजंट आहे, म्हणजे एआय मॉडेलवर चालणारा सल्लागार. त्याची मेमरी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, पीजीव्हेक्टर (एम्बेडिंग साठवून शोधणारी जोड) लावून. मेसेजमधून मॉडेल एकेक वाक्य काढतं, त्याचं एम्बेडिंग (अर्थाचं आकड्यांतलं रूप) साठवलं जातं, आणि उत्तर देताना अर्थाने सगळ्यात जवळच्या ५ नोंदी प्रॉम्प्टमध्ये जातात. एका खात्यात सध्या हे आहे:

१४ जून: केळी ३००० खोड
१४ जून: ठिबक आहे
९ ऑक्टोबर: केळी २००० खोड
२२ नोव्हेंबर: ठिबक नाही

युरिया विचारला की कधी ३००० चा हिशोब येतो, कधी २००० चा, एकदा तर चक्क २५०० चा. ‘ताजी नोंद खरी’ हा नियम लावला तर ३००० खोड गायबच झाले. जुनं पुसायचं की ठेवायचं?

तापीकाठ
दादा, खोडांच्या नोंदींत भांडणच नाही. जूनमध्ये लावलेली केळी ती मृगबाग, ऑक्टोबरमध्ये लावलेली ती कांदेबाग. दोन वेगळे प्लॉट. तुमच्या नोंदीत प्लॉटच नाही, म्हणून मॉडेल बिचारं सरासरी काढत बसलं.

बेरीज करूनही चालणार नाही. ठिबकच्या वेळापत्रकात डोस लागवडीपासूनच्या आठवड्यावर बदलतो: हजार खोडांमागे आठवड्याला युरिया पहिले १६ आठवडे ४.५ किलो, १७ ते २८ आठवडे १३.५ किलो. म्हणजे २२ नोव्हेंबरच्या सुमारास मृगबाग तेवीस आठवड्यांची, ३००० खोडांना ४०.५ किलो. कांदेबाग जेमतेम सहा-सात आठवड्यांची, २००० खोडांना ९ किलो. एकाचा आकडा दुसऱ्याला गेला तर काय होईल ते सांगायला नको.

वाक्य साठवू नका, चार रकाने करा: शेतकरी, प्लॉट, गुणधर्म, किंमत. पहिले तीन जुळले आणि चौथा वेगळा निघाला, तरच तो विरोध. आणि गुणधर्माला आधीच ठरवून द्या की एका वेळी एकच किंमत असते (लागवडीची तारीख) की अनेक चालतात (आंतरपिकं). अनेक चालणाऱ्याला नवी किंमत आली तर ती भर असते, दुरुस्ती नसते. एककंही लिहितानाच एका मापात आणा, नाहीतर ‘५ एकर’ आणि ‘२ हेक्टर’ उगाच एकमेकांवर धावून जातात.

अहिराणी_पार्सर
ठिबकच्या नोंदीचा मूळ मेसेज टाका बरं.

रावेर_बागायत
व्हॉइस मेसेज होता. मजकूर: ‘आज ठिबक बंद शे, लाईट नही.’

अहिराणी_पार्सर
मग झालं. बिघाड मेमरीत नाही, वाक्य काढण्यात आहे. ‘आज बंद शे’ ही त्या दिवसाची स्थिती. मॉडेलने तिचा कायमचा गुणधर्म करून टाकला. काढतानाच दोन प्रकार करा: टिकणारी माहिती आणि तात्पुरती स्थिती. स्थितीला मुदत द्या, वीज-मोटरीच्या गोष्टीला २ दिवस पुरे. ‘काल’, ‘मागच्या आठवड्यात’ हे शब्द मेसेजच्या तारखेवरून खऱ्या तारखेत बदलूनच साठवा, नाहीतर महिन्याभरानंतरही ‘काल’ कालच राहतो. मूळ मजकूर प्रत्येक नोंदीला चिकटलेला हवा, त्याशिवाय चूक कुठे शिरली ते सापडत नाही.

विरोध शोधायला नुसतं एम्बेडिंगचं अंतरही वापरू नका. ‘ठिबक आहे’ आणि ‘ठिबक नाही’ एकमेकांच्या अगदी शेजारी पडतात; विषय तोच, फरक एका शब्दाचा. जवळच्या नोंदी आणण्यापुरतं ते ठीक, निवाडा वरच्या चार रकान्यांवर.

इंडेक्सवाला
पुसायचं की ठेवायचं, तर ठेवायचं, पण बंद करून. नोंदीला तीन वेळा लावा: लागू_पासून, लागू_पर्यंत, नोंदली_केव्हा. बदल आला की जुन्या ओळीचं लागू_पर्यंत भरा आणि नवी ओळ घाला, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही). एकच किंमत असणाऱ्या गुणधर्मांवर, लागू_पर्यंत रिकामं असलेल्या ओळींपुरता पार्शल युनिक इंडेक्स लावा. मग दोन चालू नोंदी डेटाबेसच घुसू देणार नाही. ग्राफिटी हे एजंटच्या मेमरीचं तयार सॉफ्टवेअरही जुनी नोंद पुसत नाही, अवैध ठरवून ठेवते.

वेळ मेसेजची घ्या, सर्व्हरची नको. शेतकरी लागोपाठ तीन मेसेज टाकतो, ते समांतर चालतात, आणि जुना मेसेज मागाहून संपून नव्याला झाकतो.

सगळ्यांकडून सुटतं ते सारांशाचं. ‘या शेतकऱ्याकडे ठिबक नाही’ असं, एजंट नोंदींवरून साप्ताहिक सारांश बनवत असेल तर, त्यात गेलं असेल, तर मूळ नोंद दुरुस्त करूनही चूक तिथून परत येते. सारांश कोणत्या नोंदींवरून बनला त्यांचे आयडी सोबत ठेवा. त्यातली एक बंद झाली की सारांश नव्याने बनवा.

रावेर_बागायत
प्लॉट कळलाच नाही तर?

तापीकाठ
शेतकऱ्याने स्वतः सांगितलेलं आधी, मॉडेलने अंदाजाने काढलेलं नंतर. तरी अडलं तर विचारा, पण उत्तर त्यावर अवलंबून असेल तेव्हाच. खोडसंख्येवर डोस ठरतो, तिथे विचारायचंच. आणि प्रश्न ‘तुमची माहिती जुळत नाही’ असा नको: ‘दादा, कांदेबागेत २००० खोड लावले ना? मृगबागेचे ३००० तसेच आहेत?’ हो-नाहीत उत्तर येतं, आणि ते आलं की दोन्ही ओळींत प्लॉट भरून टाका.